गाडी चालू ठेव, मी आलेच

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे 'भोंगा' म्हणत. तोंडावर नाही अर्थात. पण शिकाऊ माणसानं चुकीचा गिअर टाकला की तिची हाक पुढच्या चौकापर्यंत जायची आणि भलतेच चार लोक दचकून ब्रेक मारायचे.

हा आवाज एके काळी गात असे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. लग्नाआधी ती एका रॉक बँडमध्ये होती. बाकी पोरं गिटारी बडवायची, आणि ही मधोमध उभी राहून बेंबीच्या देठापासून अमेरिकन 'सोल' ढंगाची गाणी म्हणायची. त्यांची एकच तबकडी निघाली. त्या तबकडीवरचं गाणं होतं पळून जाणाऱ्या मुलीचं. प्रियकर खाली गाडीत थांबलाय, ही वरून ओरडतेय, 'गाडी चालू ठेव, मी आलेच!' गाणं असं उडतं की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नसत. पुढे बँडमधल्या ड्रमवाल्याशीच तिचं लग्न झालं, त्यानं गाद्यांचं दुकान काढलं आणि बँड बंद पडला.

ती पन्नाशी ओलांडून बसली असताना एक मुलगी स्कूलमध्ये आली. गाडी शिकायला नव्हे.

"मावशी, मी सिनेमा करतेय. मला तुमचं गाणं हवंय."

"पळून जायचा सीन आहे वाटतं?" भोंगा खूश झाली.

"नाही. बायको गेल्यावर नवरा हॉस्पिटलबाहेर गाडीत येऊन बसतो, तो सीन आहे."

भोंगानं तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "अगं, तिथे जरा सारंगी-बिरंगी लाव. माणूस मेलंय आणि तू काय नाचायचं गाणं लावतेस?"

"सारंगी लावली की लोक सारंगीला रडतात, मावशी. माझे आजोबा गेले तेव्हा समोरच्या दुकानात धांगडधिंगा चालू होता. जग थांबलं नव्हतं. तेच जास्त लागलं मला."

भोंगानं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बरं, घे मग," म्हणाली.

अडचण एवढीच होती, की जुनी तबकडी चरे पडून पार खराब झाली होती. गाणं नव्यानं गायला हवं होतं. नवरा दुकानाला कुलूप लावून आनंदानं स्टुडिओत आला. त्याच्याखेरीज जुन्या साथीदारांपैकी कोणी उरलं नव्हतं, म्हणून दिग्दर्शिकेनं तरुण गिटारवाले जमवले होते.

आणि भोंगाचं गाडं अडलं. मायक्रोफोनपुढे ती पुन्हा विशीतली होऊ बघत होती आणि आवाज वरच्या पट्टीत जाऊन कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटत होता. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तिनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "तो आवाज शिकाऊ लोकांवर ओरडण्यात खर्च झाला, बाई. दुसरी कोणी बघ," म्हणाली, आणि तडक बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसली.

नवरा मागोमाग आला, शेजारी बसला. समजूत घालणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरला.

"अहो, पुरे. प्लास्टिक फुटेल."

तो थांबला नाही. जरा वेळानं तीच कुरकुरत गुणगुणू लागली, खालच्या पट्टीत, खरखरीत गळ्यानं. मग विसरलीच की ती रुसली आहे. दुसऱ्या कडव्याला तिनं असा सूर लावला की फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला.

दिग्दर्शिका पळत आली. "मावशी, उतरू नका! अजिबात उतरू नका!" तिनं मायक्रोफोन वायरीसकट गाडीत आणवला, काचा वर करायला लावल्या, आणि गाणं तिथेच घेतलं. घामाच्या धारा लागल्या दोघांना. गिटारी नंतर मागे जोडल्या.

सिनेमा लागला तेव्हा भोंगानं नणंदेलाही नेलं. या नणंदेनं लग्नात सांगितलं होतं, की आमच्या घरात आरडाओरडा चालणार नाही.

पडद्यावर तो नवरा हॉस्पिटलातून बाहेर आला. गाडीत बसला. सवयीनं शेजारचं दार आतून उघडून ठेवलं, इंजिन सुरू केलं, आणि रेडिओ आपोआप लागला. 'गाडी चालू ठेव, मी आलेच!' तेच उडतं गाणं, पण आता म्हणणारी बाई वयस्क होती, आणि दार उघडंच होतं. त्या माणसानं रेडिओ बंद करायला हात नेला आणि आवाज वाढवला.

भोंगाच्या नवऱ्यानं तिचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

"अहो, सोडा. मी इथेच आहे," ती कुजबुजली, पण हात काढून घेतला नाही.

दिवे लागल्यावर नणंद पदरानं नाक पुसत म्हणाली, "इतकं चांगलं गात होतीस, तर कधी बोलली का नाहीस?"

भोंगा हसत सुटली, आणि मग नणंदही.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शिकेचा फोन आला. नव्या सिनेमासाठी आणखी एखादं जुनं गाणं आहे का? जुनं तर नव्हतं. भोंगा म्हणाली, "नवं करते." तेव्हापासून जेवणं आटोपली की ती ओट्याशी उभी राहून ओळी जुळवते आणि नवरा ठेका धरायला पातेली पालथी घालून बसतो. पहिली ओळ त्याला मुळीच पसंत नाही. ती म्हणते, बदलणार नाही. शेजाऱ्यांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.