कडू दुधीचं उत्तर

आमच्या मराठी मंडळाने कॉलेजसाठी भोपाळला आलेल्या मुलामुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. त्यावर दर रविवारी सकाळी खाण्यापिण्याच्या प्रश्नांना मी उत्तरं देत असे. कृती सांगायला इंटरनेट आहे. मुलं माझ्याकडे यायची ती बोलणी खायला, आणि मला बोलणी ऐकवायला मनापासून आवडायचं.

‘काकू, माझ्या पोह्यांचा दरवेळी गिचका का होतो?’ ‘पोहे भिजवायचे असतात बाळा, त्यांना आंघोळ घालायची नसते.’

‘सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली तर डाएट मोडतं का?’ ‘जिलेबीच्या मधल्या भोकाने मोडत नाही. तेवढंच खा.’

‘नूडल्समध्ये काय घातलं की आईला चालेल?’ ‘फोन बंद करून खा, चालेल.’

एवढ्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची. मी गॅसवर कुकर ठेवून ती रांग बघत बसायची. आमचे हे म्हणायचे, ‘तुझी शिट्टी होते आधी, मग कुकरची.’ मी चिडायची, पण ते खरं होतं.

प्रश्न विचारणाऱ्याचं नाव मला कळत नसे. मंडळाच्या चिटणिसांनी त्यासाठी फोनवरचा एक फॉर्म केला होता, त्यात नावाची जागाच ठेवली नव्हती. हा नियम माझ्या हट्टाने झाला. कुणाला अंडंही उकडता येत नाही हे चारचौघांत कशाला कळायला हवं? आपण किती समजूतदार, असं तेव्हा मला वाटलं होतं.

त्या रविवारी शेवटचा प्रश्न असा होता: ‘काकू, मी याच आठवड्यात ग्रुपमध्ये आली. मेसचं खाऊन वजन वाढून राहिलं म्हणून दुपारी जेवणाऐवजी दुधीचा रस पिते. आजचा दुधी जरासा चाखला तर कडू लागून राहिला. रस करू की फेकू?’

मी मिनिटभरही विचार केला नाही. लिहिलं, ‘कडू आहे म्हणजे अस्सल आहे. डोळे मिट, नाक दाब, कुलदैवताचं नाव घे आणि एका दमात संपव. कडू काकू पचते, तर दुधी का नाही पचणार?’ चेहऱ्यांची रांग नेहमीपेक्षा लांब लागली. मी खूश होऊन नेहरू नगरच्या बाजारात भाजीला गेले.

घरी येऊन अकराच्या सुमारास कोफ्त्यांसाठी दुधी चिरायला घेतला. देठाकडची चकती कापली आणि जिभेवर ठेवली. माझ्या आईची ही शिस्त. दुधी असो की काकडी, चाखल्याशिवाय चिरायची नाही. कडू निघाली तर तशीच कचऱ्यात, उकडूनसुद्धा खायची नाही, कारण कडू दुधी म्हणजे विष. चाळीस वर्षं हे माझे हात करत आले आहेत. डोक्याला विचारायची वेळच कधी आली नाही. चकती गोड होती. ती चावता चावता मला सकाळचं उत्तर आठवलं.

हातातली सुरी मी ओट्यावर ठेवली की पडली, सांगता येत नाही. कुणीतरी पोरगी, आई जवळ नाही, दुपारी रस करणार आहे आणि मी तिला एका दमात संपव म्हणून सांगितलं आहे.

ओल्या हातानेच लिहिलं, ‘सकाळचं उत्तर चुकीचं आहे. कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नका. विषबाधा होते. फेकून द्या.’ खाली लगेच हसरे चेहरे आले. एकाने लिहिलं, ‘काकू आज फुल फॉर्म में!’ दुसरीने लिहिलं, ‘कुलदैवत कोपलं वाटतं.’ मी पुन्हा लिहिलं, ‘मी गंमत करत नाही.’ त्यावर आणखी चेहरे आले.

मग मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. माझा आवाज इतका कापत होता की शब्द नीट फुटत नव्हते. मुलांना तो अभिनय वाटला. ‘काकू, नाटकात काम करा,’ एकजण म्हणाला. मी सकाळचं उत्तर पुसून टाकलं, तर कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला होता, तो परत टाकला. वर लिहिलं, ‘काकूंनी डिलीट केलं, पण मी जपून ठेवलंय.’ इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती. मी ओरडत होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

चिटणिसांना फोन केला. ते आधी हसले, मग माझं रडणं ऐकून त्यांनी ग्रुपची यादी उघडली. त्या आठवड्यात ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या मुली पाचच होत्या. त्यांनी एकेकीला फोन लावले. चौघींनी उचलला, त्यांतल्या कुणाचाच तो प्रश्न नव्हता. पाचवी उचलेना. वर्ध्याकडची, पहिल्या वर्षाची, अशोका गार्डनमध्ये रेल्वेलाइनला लागून खोली घेतलेली. मंडळाच्या वहीत पत्ता होता, तो सापडेपर्यंत एक वाजला.

यांनी स्कूटर काढली. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं आणि हे सिग्नलला पिवळा दिवा दिसला की थांबणारे. मी मागून यांचा शर्ट मुठीत धरून ‘चला हो, चला’ म्हणत होते. वाटेत सारखा फोन बघत होते. पाचवीचा फोन वाजून वाजून बंद होत होता. दीड वाजून गेला होता. ती कपड्यांना साबण लावत असेल, झोपली असेल, फोन चार्जिंगला असेल, असं मी मनात म्हणत होते, आणि एकाही गोष्टीवर माझा विश्वास बसत नव्हता.

घर सापडलं. घरमालकीण दारातच फरशी पुसत होती. मी मुलीबद्दल विचारलं तशी ती म्हणाली, ‘उसे तो अभी ऑटो में ले गए, दीदी. उल्टी पे उल्टी हो रही थी, खड़ी नहीं हो पा रही थी. आप कौन?’

यांनी दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. मी तिच्या मागून आत बघितलं. मिक्सरचं भांडं मोरीत पडलं होतं, शेजारी काचेचा ग्लास. ग्लास रिकामा होता.

दवाखान्यात डॉक्टर तिला घेऊन आलेल्या मैत्रिणीला विचारत होते, काल काय खाल्लं, बाहेरचं खाल्लं का. मैत्रीण नाही नाही म्हणत होती. मी मध्येच म्हणाले, ‘कड़वी लौकी का जूस पिया है. मैंने कहा था पीने को.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला भराभर सूचना देऊ लागले. मग तीन तास मी बाकावर बसून होते. आत जाणारा प्रत्येक ट्रे, बाहेर येणारी प्रत्येक नर्स, माझा जीव मुठीत घेऊन जायची.

संध्याकाळी पाचच्या पुढे डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही, दोन दिवस ठेवू. मला आत सोडलं. केवढीशी मुलगी. हाताला सलाइन, ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले. मी माझी ओळख सांगितली तर ती उठायला लागली, पाया पडायला.

मी तिला झोपवलं. म्हणाले, ‘बेटा, मी नंतर लिहिलं होतं गं, पिऊ नको म्हणून. आवाजही पाठवला होता. तू पाहिलं नाहीस का?’

‘पाहिलं ना, काकू,’ ती म्हणाली. ‘प्यायच्या आधीच पाहिलं. पण मी नवीन आहे, मला काही समजत नव्हतं. त्याच्याखाली सगळे हसून राहिले होते, सकाळचं उत्तर तर कुणी जपून ठेवलं होतं, म्हणून मला वाटलं, ते खरं, गंमत ही आहे.’