दाद द्यायला बंदी

बाबांना गाणं ऐकताना गप्प बसता येत नाही. पुण्यात आमच्या घराजवळ कुठंही बैठक असली की ते सतरंजीवर पुढंच बसायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून. त्यांच्या दादेच्या पायऱ्या मला तेव्हापासून पाठ आहेत. बरी जागा आली तर 'वा'. चांगली आली तर मान हलवून नुसतंच 'च्च'. आणि अगदी जिव्हारी लागली तर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, कळ आल्यासारखं 'आई गं'. हे शेवटचं फार थोड्यांना मिळालं. मी लहानपणी व्हायलिन शिकत होते, तर माझ्या वाट्याला साधं 'वा'सुद्धा आलं नाही. 'सूर सांभाळ,' एवढंच म्हणायचे. पुढे इंजिनिअरिंग आलं आणि मी व्हायलिन माळ्यावर टाकून दिलं, थोडं रागानंच.

अमेरिकेत सनीव्हेलला चिप डिझाइन करता करता चाळिशीत हात पुन्हा शिवशिवायला लागले. या वेळी व्हायोला घेतला, व्हायलिनचा थोराड, घोगऱ्या आवाजाचा भाऊ. आम्ही चार हौशी माणसं रविवारी आमच्या अपार्टमेंटमध्ये जमतो. दोन व्हायलिन, एक खर्जात बोलणारा चेलो आणि मी. पहिलं व्हायलिन एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे आहे. व्हायोला सगळ्यांच्या मधून चालतो, त्यामुळे तो वाजतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमटीतल्या मिठासारखा, नसला तरच कळतो.

यंदा आम्ही एका हंगेरियन संगीतकाराची रचना धरली होती, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. हा गृहस्थ खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी उतरवून घ्यायचा. ती त्याच्या अंगात अशी मुरली होती की हे संगीत ऐकताना एखादी बाई चुलीपुढे स्वतःशीच बोलतेय असं वाटतं. त्यातला वेगवान भाग आम्हाला बापजन्मी जमला नसता, म्हणून शेवटचा संथ भाग तेवढा घेतला. त्यात एके ठिकाणी बाकीचे तिघं थांबतात आणि व्हायोला एकटा बोलतो. जेमतेम एकदोन ओळी, पण माझा सगळा जीव तिथं अडकलेला.

बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. पहिल्याच तालमीला ते सोफ्यावर येऊन बसले. बाईंनी एक लांब, रडवेला स्वर असा काही अलगद सोडला की मागून आवाज आला, "आई गं."

चौघंही थांबलो. बाबा डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसलेले. बाईंनी घाईघाईनं व्हायलिन खाली ठेवलं.

"तुमच्या वडिलांना काही होतंय का? नाइन-वन-वन लावू?"

मी त्यांना दादेचा प्रकार समजावून सांगितला. सगळे हसले, बाई तर लाजून लाल झाल्या. मी काही हसले नाही. माझ्या बापाचं 'आई गं' या बाईंना पहिल्या भेटीतच मिळालं होतं. मंडळी गेल्यावर मी फर्मान काढलं.

"बाबा, इथं मध्येच बोलत नाहीत. कार्यक्रमाला तोंडातून एक अक्षर काढायचं नाही."

"मग वाजवणाऱ्याला कळायचं कसं?"

"शेवटी टाळ्या वाजवायच्या."

"शेवटी? तोवर ती जागा कुठच्या कुठं गेलेली असते गं."

"असू दे. इथं असंच असतं."

पुढच्या तालमींना ते बेडरूममध्ये दार लावून बसले. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. हा हट्टी स्वभाव मला त्यांच्याकडूनच आलाय.

कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसले, रुमालाची घडी तोंडावर धरून. माझी जागा आली. तिघं थांबले. मी वाजवलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं वाजवलं. शेवटचा स्वर सोडताना न राहवून बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, रुमाल तसाच. मान हलली नाही की बोट हललं नाही. बंदी मीच घातली होती, तरी एखादं 'च्च' निसटेल अशी आशा होती. शेवटी टाळ्या झाल्या. त्यांनीही चारचौघांसारख्या वाजवल्या.

पार्किंग लॉटमध्ये मी व्हायोला डिकीत ठेवला. गाडीत बसल्यावर त्यांनी बेल्ट लावला, काचा वर आहेत ना ते बघितलं आणि विचारलं, "आता बोललं तर चालेल?"

"बोला की."

"मग पहिल्यापासून घेऊ."

बाईंचा तो लांब स्वर त्यांनी जरासा गुणगुणला आणि आज नुसतंच म्हणाले, "वा." मग चेलोची खोल उतरत जाणारी ओळ. "च्च." प्रवासात डब्यातून एकेक लाडू जपून काढावा तशी ते एकेक जागा काढत होते. मग थांबले. डोळे मिटले आणि माझी ओळ गायले. सगळी. मधे थोडी आपली मींड घातली, पण मी जिथं थांबले होते तिथंच थांबले. संपल्यावर त्यांचा हात छातीवर गेला.

"आई गं," ते म्हणाले. "हे गिळताना फार जड गेलं मला, पोरी."

गाडी सुरू करायचं मला सुचेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर आमच्या व्हायलिनवाल्या बाई उभ्या होत्या. छातीवर हात ठेवलेले बाबा आणि शेजारी रडणारी मी, हे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वडील ठीक आहेत ना?"

मी काच खाली केली.

"काही झालेलं नाही त्यांना," मी म्हटलं. "या वेळी ते माझ्यासाठी होतं."