श्वास धरून बसलेलं गिऱ्हाईक

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. खरं तर ती कोणाचीच ताई नव्हती, घरात एकुलती एक. पण आजारपणात तिचं एक वर्ष बुडालं, बरोबरीचे पुढे निघून गेले आणि ती मागून आलेल्या मुलामुलींत येऊन बसली. पहिल्याच दिवशी कोणीतरी आदराने ताई म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आदर फार गैरसोयीचा असतो. ताईला कोणी टपली मारत नाही, तिच्या डब्यात कोणी न विचारता हात घालत नाही, तास बुडवताना तिला कोणी सोबत नेत नाही. तिला नोट्स तेवढ्या मागतात आणि 'थँक्यू ताई' म्हणून परतही करतात.

आजार टीबीचा होता. घराबाहेर मात्र तो कावीळ म्हणून ओळखला जायचा. हे आईनेच ठरवलं होतं. कावीळ काय, कोणालाही होते, असं तिचं म्हणणं. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. ते मुळातच अबोल, त्यामुळे त्यांना खोटं बोलायची वेळच आली नाही. ताईने महिनोन्‌महिने गोळ्या गिळल्या. सकाळी पोटात ढवळायचं, लघवी नारिंगी व्हायची, केस विंचरताना पुंजके हातात यायचे. मग एक दिवस तपासण्या स्वच्छ आल्या आणि डॉक्टर म्हणाले, झालं, आता अभ्यासाला लागा. ती अभ्यासाला लागली.

तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटं संशोधन करावं लागे. बहुतेकांनी मोबाइल आणि झोप नाहीतर परीक्षा आणि ताण असले विषय घेतले. फोनवरून प्रश्न पाठवायचे, संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग. ताईने विषय दिला, टीबी बरा झाल्यानंतर माणसाच्या मनाचं काय होतं. मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हाच विषय का, असं विचारलं. आजारावर पुष्कळ लिहिलेलं आहे, बरं झाल्यावर पुढे काय ते फारसं सापडत नाही, असं ती म्हणाली. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

मॅडमनी तिला मुलाखतीच्या रीती शिकवल्या. आधी परवानगी, नाव कुठेही येता कामा नये, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा रडला तर पाणी द्यायचं, उपदेश नाही. आणि मुलाखतीच्या मध्येच स्वतःचं पुराण लावायचं नाही, नाहीतर तो तुला आवडेल असं बोलायला लागतो. शेवटी त्या म्हणाल्या की अहवालात एक परिच्छेद स्वतःबद्दल लिहावा लागेल, या विषयाशी तुझं नातं काय ते. ते शेवटी बघू, असं म्हणून ताईने मान हलवली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी बरे झालेल्या लोकांना विचारून पाहिलं आणि काही जण बोलायला तयार झाले. मुलाखती वजनकाट्याच्या खोलीत होत. एक बस कंडक्टर आला, पाच मिनिटांत सगळं ठीक आहे म्हणाला, उठून दारापर्यंत गेला आणि तिथे उभा राहून पुढे अर्धा तास बोलला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईला जावेने स्वतःची पोरं परत जवळ घेऊ दिली नव्हती. ती हे सांगतानाही जावेची बाजू घेत होती, तिचंही बरोबर आहे हो, लहान पोरं आहेत. ताई ऐकायची, लिहायची आणि घरी येऊन आपल्या खोलीत ते पुन्हा ऐकत बसायची. दुसऱ्यांच्या तोंडून स्वतःची वाक्यं ऐकताना तिला बरं वाटायचं आणि मग कोणाला सांगता येत नाही म्हणून वाईटही वाटायचं.

न्हावी मात्र केंद्रात यायला तयार नव्हता. दुकान बंद ठेवलं आणि नेमकं त्याच वेळी गिऱ्हाईक आलं तर, असं त्याने सिस्टरला कळवलं. म्हणून तीच त्याच्या दुकानात गेली. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, स्वच्छ घड्या घातलेले टॉवेल. आणि आरशाशेजारी, पूर्वी नटनट्यांची चित्रं असायची तिथे, काचेच्या चौकटीत डॉक्टरांचं पत्र, हा इसम पूर्ण बरा झाला असून याच्यापासून कोणालाही संसर्ग नाही. खाली सही आणि शिक्का.

"हात दाखवून अवलक्षण," न्हावी त्याकडे बोट करून म्हणाला. "ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही यानेच कळलं."

तो पन्नाशीचा, उंच, बोलका माणूस. बायको कधीच वारली होती, मुलगा दूर नोकरीला. आजारात दुकान बंद होतं तेव्हा लोकांनी दुसरे न्हावी धरले आणि तो बरा होऊन आला तरी ते तिकडेच राहिले. ताईने एक खुर्ची ओढली आणि तिचा प्रश्न विचारला, परत कामावर आल्यानंतरचं सांगा. मग ती ठरल्याप्रमाणे गप्प बसली. न्हाव्याने बराच वेळ वस्तरा पट्ट्यावर फिरवला.

कोणी वाईट बोललं नाही, असं तो सांगू लागला. तोंडावर कोणी बोलतच नाही. रस्त्यात भेटले की चौकशी करतात, तब्येतीला जप म्हणतात, फक्त त्यांची दाढी दुसऱ्याने केलेली असते. एकच जण परत आला, जुना मित्र, निवृत्त पोस्टमन. दर दोन दिवसांनी येतो, हाच माझा न्हावी म्हणून सगळ्यांना ऐकवतो.

"मग ते बरं वाटतं का?" ताईने विचारलं.

"तो श्वास धरून बसतो," न्हावी म्हणाला. "गळ्यावर वस्तरा असतो ना माझा. खालची कातडी हलते की नाही ते बोटांना कळतं. मी वाकलो की त्याचा गळा थांबतो. मी मागे झालो की मान वळवून श्वास सोडतो आणि पुन्हा थांबतो. जीव लावतो म्हणून येतो, पण भीती काही जात नाही. कधीकधी वाटतं, त्यापेक्षा न आलेला बरा. पण तोही नाही आला तर बोलायचं कोणाशी?"

ताईने ते लिहून घेतलं. न्हाव्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुला झाला होता का?"

तिला मॅडमची रीत आठवली. हे काम पूर्ण झालं की सांगते, आत्ता सांगायला मनाई आहे, असं ती म्हणाली. टॉवेलची एक नीट घातलेली घडी मोडून न्हाव्याने ती पुन्हा घातली.

रविवारी आई तिचे केस विंचरायला बसली. आजारातून उठल्यापासून हा नेम होता, केस पुन्हा भरून यावेत म्हणून आई तेल चोळायची, हलक्या हाताने गुंता सोडवायची. आठवड्यातला ताईचा हा सगळ्यात आवडता वेळ. कॉलेजात दिवसच्या दिवस कोणाचा हात लागत नसे, त्यामुळे आईची बोटं डोक्यात फिरू लागली की तिला झोप यायची. त्या दिवशी झोप आली नाही. ती ऐकत होती. आई वाकली की मागे काहीच नसायचं, मानेवर ऊब नाही, आवाज नाही. मग आई तेलाची वाटी घ्यायला बाजूला वळायची आणि तिकडे तोंड करून मोठा श्वास सोडायची.

"आई, तू श्वास घेत नाहीस," ताई म्हणाली.

फणी थांबली. आईने आधी काहीतरीच काय म्हणून पाहिलं. मग ती समोर येऊन बसली. तिने विचारलं, कधीपासून कळत होतं तुला? ताईने सांगितलं की तिला कळतच नव्हतं, एका न्हाव्याने सांगितलं तेव्हा कळलं.

"तू बरी आहेस हे मला माहीत आहे," आई म्हणाली. "डोक्याला माहीत आहे. छातीला पटत नाही, ती आपली बंद होते."

मग तिने जे सांगितलं ते ताईने कधीच ऐकलं नव्हतं. आईचा एक मोठा भाऊ याच आजाराने गेला होता. ती लहान होती, त्याच्याजवळ निजायची, म्हणून तिला उचलून आत्याकडे ठेवलं. परत आणलं तेव्हा त्याची खाट दुमडून भिंतीला लावलेली होती. त्याला काय झालं होतं हे त्या घरात कोणी उच्चारलं नाही आणि मग तिनेही ते कधी उच्चारलं नाही.

ताईला वाटलं, आता सांगून टाकावं. अहवालात स्वतःबद्दल लिहावं लागणार आहे, असं ती म्हणाली. आईचा चेहरा लगेच बदलला. पोरीच्या जातीला असं कागदावर नको, उद्या सोयरीक बघताना कोणीतरी उकरून काढेल, कावीळच राहू दे. शब्दाने शब्द वाढला नाही. आईने तेलाची वाटी उचलली आणि ती आत गेली. त्यानंतर बरेच दिवस दोघी कामापुरतंच बोलत होत्या आणि वडील दोघींच्या मध्ये बसून जेवत होते.

त्यांनीच एकदा मध्येच म्हटलं, काय लिहायचंय ते वाचून दाखव. ताईने वाचलं, 'संशोधकाला स्वतःला हा आजार झाला होता. तो बरा झाला आहे.' वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. "यात चुकीचं काय आहे?" ते म्हणाले. आई उठून आत गेली, पण तिने नाही म्हटलं नाही.

सादरीकरणाला हॉल अर्धा रिकामा होता. ताईने ती दोन वाक्यंही वाचली. वाचताना पुढच्या रांगेतली चुळबुळ थांबल्याचं तिला जाणवलं. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, तुम्हाला स्वतःला आजार होता म्हणून तुम्हाला हवं तेच तुम्ही ऐकलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. तसं झालं असू शकतं, म्हणूनच ते लपवलं नाही, असं ती म्हणाली. बक्षीस मोबाइल आणि झोपेला मिळालं. त्यांच्याकडे आकडे भरपूर होते.

नंतर वर्गातली मुलं येऊन छान झालं ताई म्हणाली. कोणी हात मिळवला, कोणी लांबूनच अंगठा दाखवला. त्यानंतर काही दिवस तिच्या शेजारची जागा जरा जास्तच रिकामी राहिली. एक मुलगी मात्र जिन्यात गाठून हळूच म्हणाली की तिच्या मामालाही झालाय, घरी कोणाला सांगितलेलं नाही. तिला काय बोलायचं होतं ते पुरतं सांगून व्हायच्या आत तिच्या मैत्रिणी आल्या आणि ती निघून गेली. तिने नंतर तो विषय काढला नाही, ताईनेही नाही.

घरी आई पुन्हा केस विंचरू लागली. आता ती मुद्दाम श्वास घ्यायची, मोठ्याने, व्यायामाला बसल्यासारखी. ताईला हसू यायचं, पण ती हसली नाही.

संशोधनात कोणी बोललं असेल तर त्यातून काय निघालं ते त्या माणसाला जाऊन सांगायचं, ही मॅडमची शेवटची रीत होती. ताई न्हाव्याच्या दुकानात गेली तर तिथे झेरॉक्स मशीन बसवत होते. दुकानाच्या नव्या मालकाने सांगितलं, तो आता मोठ्या दवाखान्यात लागलाय, ऑपरेशनच्या आधी रोग्यांचे केस काढायचं काम.

दवाखान्यात तो तिला पुरुषांच्या वॉर्डाबाहेर भेटला. अंगात निळा सदरा, हातात ट्रे, तब्येत भरलेली. "इथलं गिऱ्हाईक पळत नाही," तो म्हणाला. "उलट सोडत नाही. उद्या पोट कापणार म्हटल्यावर माणूस घाबरलेला असतो, मला धरून बोलत बसतो. माझी भीती वाटायला त्याला सवड कुठे?"

पोस्टमन कुठे दाढी करतो, असं ताईने विचारलं. ते काही त्याला ठाऊक नव्हतं, बऱ्याच दिवसांत गाठ पडली नव्हती. मग तिने निष्कर्ष सोप्या भाषेत सांगितले, बरं झाल्यावरही माणसं लांब राहतात, जवळची माणसं जवळ राहूनही घाबरतात आणि बरा झालेला माणूस बहुतेकदा त्यांचीच समजूत घालत बसतो. तो लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, हे मीच तुला सांगितलं होतं, तू मलाच परत सांगतेस.

"मलाही झाला होता," ताई म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तू खुर्ची ओढलीस ती माझ्या अगदी जवळ. तसं कोणी बसत नव्हतं तेव्हा."

तिला अजून थोडं बोलायचं होतं. त्या खुर्चीबद्दल, आईच्या भावाबद्दल, वर्गातल्या त्या मुलीबद्दलही. हे सगळं ज्याला समजावून न सांगता कळेल असा हाच एक माणूस, असं तिला इथे येताना वाटत होतं. पण आतून कोणीतरी त्याला हाक मारली, एका म्हाताऱ्या रोग्याला तोच हवा होता, दुसरा नको. न्हावी घाईने ट्रे सावरत म्हणाला, थांब हं, आलोच. ती बाकावर थांबली. दारातून तो दिसत होता, म्हाताऱ्यावर वाकलेला, आणि म्हातारा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगत होता, संपतच नव्हतं. न्हावी मान हलवून ऐकत होता. बराच वेळ झाला तसं ताईच्या लक्षात आलं की तो तिला विसरला आहे. तिला त्याचा राग आला नाही. तिने पिशवी खांद्याला लावली, वॉर्डातल्या सिस्टरला, मी गेले म्हणून सांगा, असं सांगितलं आणि जिना उतरून ती बसथांब्याकडे निघाली.