काकाजीची टाकी

निकेलच्या टाकीबद्दल अख्ख्या गोंदियात माझ्याएवढं कोणालेच समजत नाही. ती नासली का पळायचं, एवढं मले पक्कं समजते. बाकी सारं काकाजीले समजे, आन् तरी ती नासे.

काकाजीचं शेड कामठा रोडवर, राइस मिलच्या बाजूले. मी तिथं मजूर. शाळा मी फक्त बाहेरून पाह्यली. निकेलच्या गरम, हिरव्या पाण्यात मिलचे लोखंडी पार्ट बुडवायचे. करंट न लावता चांदीवानी थर चढे. पण पाण्याचं डोस्कं फिरलं का निकेल टाकीच्याच अंगावर चढे, फेस येई, आन् सारं काळं. मग ते फेकायच्याच कामाचं.

सकाळी आल्याबरोबर काकाजी वाकून टाकीत पाहत. "आज हिचं मन ठीक नाही, गा."

मी म्हणे, "माझ्या घरचीचंही नाही. दोघीले थंड करू."

ते हासत नव्हते. टाकी घडीघडी नासून राह्यली होती. केमिकलवाला म्हणे, "टेम्परेचर कम रखो, चाचा." कमी केलं. पाणी गाळलं. टाकी तेजाबानं धुतली. मिलचा कोंडा उडून पडते म्हणून वर पडदा बांधला. तो माझ्याच डोक्यावर पडला. थोडे दिवस पाणी ठीक राहे, आन् पुन्हा काळं.

"सारं केलं ना आपण?" काकाजी विचारत. "आता हिले काय पाह्यजे?"

मले तं माझ्या बायकोले काय पाह्यजे तेही कधी समजलं नाही.

शेवटी केमिकलवाल्यानं 'ये आखरी' म्हणून उधारीत पाणी दिलं. हे नासलं तं शेड बंद. काकाजी रोज टाकीले एक उदबत्ती ओवाळत. त्या दिवशी त्यायनं पुडाच पेटवला.

"काकाजी, राख पडन!"

"देवाची राख हाये. भलंच करन."

त्यायनं ओवाळलंच. राख पडली. जराशानं बुडातून बुडबुडे आले. हीटर बंद केला, तरी पाणी काळं होत गेलं, आन् आम्ही पाहत राह्यलो. राखेनं झालं का आधीच बिघडलं होतं, आजही मालूम नाही. त्या दिवशी मी पळालोही नाही.

काकाजी पोरीकडं तिरोड्याले गेले. मी कोहमाऱ्याले चहाचा ठेला टाकला.

एक दिवस ते आले. बसायच्या आधी वाकून माझ्या उकळत्या चहाच्या गंजात पाहू लागले, आन् हात सवयीनंच गॅस कमी करायले गेला. मी चहाचा कप पुढं केला आन् फुशारकी मारली, "बिनधास्त बसा, काकाजी. माझा चहा कधीच नासला नाही."

त्यायनं एक घोट घेतला.

"दूध असन तवाच नासन ना, गा!"