दगडफूल बँड आणि उसातला बिबट्या

चार माणसं एकत्र येऊन हेवी मेटल वाजवायला लागली की गाणी कमी तयार होतात, किस्सेच जास्त साठतात. आमची अकरा वर्षांत गाणी झाली नऊ. किस्से विचारूच नका.

बँडचं नाव दगडफूल. मसाल्यात पडतं तेच. गिटारवर रफिकभाई, गुलमंडीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. गायला मुकुंद, बँकेत नोकरीला. ड्रम्सवर विष्णू, गंगापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, इथं कंपनीत शिफ्ट करतो. आणि बास गिटारवर मी, शाळेत गणित शिकवणारी बाई.

विष्णूची एकच इच्छा होती. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, एकदा समोर बसून त्याला ऐकावं. आबा दर वेळी म्हणायचे, उसाला पाणी द्यायचंय. अकरा वर्षं उसाला पाणीच चाललेलं! विष्णू हे आम्हाला हसून सांगायचा, पण सांगून झालं की उगाच ड्रमचे स्क्रू पिळत बसायचा. मला लई वाईट वाटायचं त्याचं.

*

प्रॅक्टिस मुकुंदच्या गच्चीवरच्या खोलीत. सुरुवातीला शेजारी रोज भांडायला यायचे. मग मुकुंदनंच तोड काढली. त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी घरोघरी मोटरी सुरू होतात. त्या गोंगाटात आम्ही काय वाजवतो हे कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून ठरलं, पाणी आलं की प्रॅक्टिस. पाणी एक दिवस पुढं गेलं की प्रॅक्टिसही पुढं.

वर्षभर झकास चाललं. मग एका कॉलेजात पहिला कार्यक्रम मिळाला. समोर दोनेकशे पोरं. मुकुंदनं सुरुवात केली आणि सूर लागेना. तीनदा सुरू केलं, तीनदा घसरला. बिचारा घामाघूम. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा पठ्ठ्या वर्षभर शेजारच्या काकूंच्या मोटरीवरून सूर धरत होता!

रफिकभाई शांतपणे माइकवर म्हणाले, "अरे, कोई मोटर चालू करो यार."

*

मेटलमध्ये घशातून गुरगुरत गातात. मुकुंदनं घरी सुरुवात केली की आई गरम पाणी, मीठ, हळद घेऊन उभी. म्हणून तो बँकेतून येता-येता स्कूटरवर, हेल्मेटच्या आत रियाज करायचा.

एकदा छावणीतल्या सिग्नलला थांबला असताना तंद्रीत गुरगुरत राहिला. शेजारचा रिक्षावाला खाली उतरला, स्कूटरच्या चाकाला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहब, इसका बेअरिंग गया है. आगे मेरे भाई का गॅरेज है."

मुकुंद इतका भिडस्त, की गॅरेजात जाऊन बेअरिंग बदलून आला.

*

आमचा बॅनर हा वेगळाच विषय. मेटल म्हटलं की कवटी पाहिजे, यावर चौघांचं एकमत होतं. रफिकभाईंनी ओळखीच्या फ्लेक्सवाल्याला कवटीचं चित्र आणि आमचे चार फोटो पाठवले आणि बाकी तुम्ही बघून घ्या म्हणाले. त्यानं आयुष्यभर वाढदिवसाचे बॅनर केलेले. त्यानं बघून घेतलं.

मधोमध कवटी, तिच्याभोवती झेंडूचा हार, खाली आमचे हसरे चेहरे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: "शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार".

तोच बॅनर आम्ही अजून लावतो. आता त्याच्याशिवाय करमत नाही.

*

मेटलचा इतिहास रफिकभाईंना तोंडपाठ. कुठल्या बँडनं जन्मभर समुद्री चाच्यांवर गाणी केली, कोण ममींच्या मागं लागलं, कुणी फक्त रणगाड्यांवर गातं, सगळं ते चहा पिता-पिता सांगायचे. त्यांच्या नादानं आम्हीही ड्रॅगनवर गाणं करायला घेतलं. दुसऱ्याच कडव्याला विष्णूनं काठ्या खाली ठेवल्या.

"ड्रॅगन बघितलाय कुणी?" तो म्हणाला. "आमच्या आबांनी बिबट्या बघितलाय."

मग त्यानं गोष्ट सांगितली. विष्णू तेव्हा चार वर्षांचा. आबा एकटेच उसात, हातात नुसतं खुरपं, आणि समोर बिबट्या. आबा जागचे हलले नाहीत. डोळ्याला डोळा लावून उभे राहिले आणि शेवटी बिबट्याच मागं फिरला. सगळ्या गावाला ही गोष्ट पाठ होती. विष्णू तर तीच ऐकत मोठा झालेला. सांगताना त्याचा आवाज असा काही भरून आला, की ड्रॅगन तिथल्या तिथं बाद झाला.

बिबट्याचं गाणं आठ मिनिटांचं झालं. आमचं त्याच्याइतकं चांगलं गाणं दुसरं नाही.

*

आबा बँड ऐकायला येणार नव्हते, पण कृषी प्रदर्शन त्यांनी आजवर एकही चुकवलेलं नव्हतं. विष्णूनं महिनाभर प्रदर्शनवाल्यांचं डोकं खाल्लं आणि आम्हाला वीस मिनिटं मिळवली. दुपारी चारला, ठिबक सिंचनाचं भाषण संपल्यावर.

मंडपात सगळे शेतकरी, मांडीवर कॅटलॉगच्या पिशव्या. आबा दुसऱ्या रांगेत फवारणी पंपाची माहिती वाचत होते. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. विष्णू ड्रम्सवर येऊन बसला तसा त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

आम्ही बिबट्या वाजवला. आबांचं नाव आलं, खुरपं आलं, मुकुंद असा गुरगुरला की पुढची रांग मागं सरकली. विष्णू इतका जोरात वाजवत होता की मला भीती वाटली, ड्रम फुटतो की काय. नजर मात्र सगळा वेळ आबांवर.

गाणं संपलं. जरा वेळानं टाळ्या आल्या. आबा उठले, गुडघ्यावर हात टेकत स्टेजच्या पायऱ्या चढले आणि मुकुंदपुढं हात केला. मुकुंदनं माइक दिला. घामानं निथळणाऱ्या लेकाकडं त्यांनी एकदा बघितलं.

"पोरांनी लई जीव तोडून म्हटलंय," आबा म्हणाले. "आता मला खोटं बोलवत नाय. बिबट्या-बिबट्या काय नव्हता. रानमांजर व्हतं."

अख्खा मंडप हसला. त्यांच्या गावचे लोक तर डोळे पुसायला लागले. विष्णू हातात काठ्या धरून तसाच बसला. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

शेवटी तो हळूच म्हणाला, "मग आबा, गाणं बदलू का?"

आबांनी कडेची प्लास्टिकची खुर्ची ओढली, ड्रम्सच्या अगदी शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बदलू नको," ते म्हणाले. "अजून एकदा वाजीव."