नसीमचं घर दुसऱ्या वॉर्डात गेलं

नाक्यावरच्या मित्रांनो, आज सकाळी नवी मतदार यादी आली आणि माझं सगळंच बिनसलं. वॉर्डाची हद्द आता आमच्या गल्लीच्या मधोमध आलीय.

दर निवडणुकीला समोरच्या नसीमच्या घरी पक्षातर्फे मतदार चिठ्ठी मीच पोचवायचो. तिच्या दारात उभं राहायला दुसरं निमित्तच नव्हतं. आज घाईत जुन्या यादीवरून चिठ्ठी लिहून गेलो.

तिचे अब्बा म्हणाले, "कॉलेज तर सोडलंस, निदान यादी तरी नीट वाच! आम्ही आता तुमच्यात नाय."

आतून नसीमचं हसू ऐकू आलं.

पक्षाच्या कचेरीत येऊन आमच्या वॉर्डाचं काम बघणाऱ्या भाऊंवर ओरडलो, "हद्द कुणाला विचारून हलवली?"

"तुला कशाला चटका? तिकडची पोरं देतील चिठ्ठ्या."

समोर राहणारं माणूस असं परकं झालंय का तुमचं कधी?

उरलेल्या चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या, बाहेर पडलो आणि कचेरीचं दार धाडकन लावलं.