आंब्याचा डिंक

मुलगी झाली तेव्हा आम्ही गिरीज गावात, एका वाडीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझे टाके अजून ओले होते आणि कारण नसताना रडू यायचं. साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना माझ्यासाठी डिंकाचे लाडू करायचे होते. वाडीतल्या आंब्याच्या खोडावर मधाच्या रंगाचे खडे दिसले, तसे त्यांनी ते खरवडून आणले.

"आई, हा खायचा असतो का?"

"डिंक तो डिंक. तुपात फुलतो बघ."

फुलला नाही. खडे मऊ होऊन कढईला चिकटले, धूर झाला आणि खोलीभर उदासारखा वास पसरला.

त्या वासाने घरमालकीणबाई वर आल्या. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं. "हा आमच्या आंब्याचा ना? बाळंतिणीला नका देऊ. चिकाने तोंड उठेल. आणि झाड उगाच गळत नाही. आत कीड असणार."

"जखम भरायलाच झाड डिंक सोडतं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बाभळीला मुद्दाम खाच पाडतात."

दोघींचंही मला पटत होतं. म्हणजे झाड बरं होत होतं की खचत होतं?

मी बाईंबरोबर खाली गेले. खोडाला भोक होतं, खाली भुसा पडला होता. त्यांनी तार घालून एक जाड पांढरी अळी ओढून काढली, रॉकेलचा बोळा आत कोंबला आणि वरून चिखल लिंपला.

"आता गळायचं थांबेल?" मी विचारलं.

"बरं झालं तरी थांबेल, मेलं तरी थांबेल."

लाडू शेवटी दुकानातल्या डिंकाचे झाले. तो लाह्यांसारखा फुलला. टाके भरले, पण रडणं काही महिने राहिलं. सासूबाई म्हणत, बाळंतपणात असं होतंच. बाई म्हणत, डॉक्टरला दाखव. मी दोघींनाही हो म्हणायचे.

पुढच्या वर्षी आंब्याची एक बाजू मोहरली, दुसरी वाळली, आणि मधून डिंक येतच होता. बाईंचा मुलगा झाड तोडायचं म्हणत होता.

"तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"राहू द्या," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्यांनी झाड ठेवलं. त्या पावसाळ्याआधीच आम्ही विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेलो.